समोर नसलेल्या माणसांबद्दल

रविवार, ३

आजपासून लिहायचं ठरवलं. कारण साधं आहे, बोलायची सोय बंद झाली.

आज उपासनेत पाळकसाहेबांनी जिभेवर संदेश दिला. चांगला दिला, पण देताना दोन-तीनदा माझ्याकडेच पाहिलं असं मला वाटलं. घरी येताना ह्यांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "अख्ख्या चर्चला तसंच वाटलं असेल." मग चार पावलं गेल्यावर, "तुला जरा जास्त."

उपासनेनंतर महिला मंडळ बसलं. पाळकबाईंनी एक नेम सुचवला. महिनाभर, जो माणूस समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. वाईट नाही आणि चांगलंही नाही. कोणी चुकलं तर बाकीच्यांनी पंजा वर करायचा, वाहतूक पोलिसासारखा. मी विचारलं, चांगलं बोलायला काय हरकत आहे? पाळकबाई म्हणाल्या, "आपण सगळ्या सुरुवात चांगल्यापासूनच करतो ना, म्हणून." सगळ्या हसल्या. 'स्वभावानं चांगली आहे हो, पण' हे वाक्य मंडळात माझ्या नावावर जमा आहे.

तरी नेमासाठी पहिला हात मीच वर केला. कारण मुलानं मागच्या महिन्यात स्पष्ट सांगितलंय, "आई, तुझं तोंड असंच चालू राहिलं तर आम्ही दुसरीकडे घर बघतो." झालं होतं एवढंच, की सुनेला दिवस गेल्याचं तिच्या आईला तिच्याकडून कळायच्या आत माझ्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. आनंदाची बातमी, ती दडवायची कशाला, असं माझं मत. माझ्या मताला घरात एकच मत पडलं, माझं.

मला ते नातवंड याच घरात रांगायला हवंय. जीभ धरून ठेवल्यानं ते होणार असेल तर धरते.

सोमवार, ४

पार्लर आमच्या पुढच्या खोलीत आहे. खुर्चीसमोर आरसा आणि पाठीमागे रस्त्याकडची मोठी खिडकी, त्यामुळे अख्खा रस्ता मला आरशात उलटा दिसतो. समोर चर्चची बालवाडी, तिचं गेट, आणि आमच्याच बाजूला कोपऱ्यावर टायरवाला. कोण कधी आलं नि कोणाबरोबर गेलं हे पाहायला मला मान वळवावी लागत नाही. इतकी वर्षं माझा धंदा निम्मा कात्रीवर आणि निम्मा या आरशावर चाललाय.

आज पहिलं गिऱ्हाईक बँकेतली बाई. खुर्चीत टेकायच्या आत साहेबाचं गाऱ्हाणं सुरू. मी कंगव्यासकट पंजा वर केला. तिला वाटलं, मान हलवू नका म्हणतेय. ताठ बसून राहिली बिचारी. शेवटी आम्ही गुडघ्यांवर बोललो. गुडघ्यांवर किती वेळ बोलता येतं ते आज समजलं.

एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. न बोललेला शब्द जातो कुठे? दुपारी एकीबद्दल काहीतरी अगदी ओठांवर आलं, ते गिळलं, तर पाण्याशिवाय गोळी गिळल्यासारखा घसा अडला. नंतर चहा पिताना आठवून पाहिलं, काय होतं बरं ते? आठवेना. मग ते बाहेर यायला इतकं का धडपडत होतं? याचा शोध घ्यायला हवा.

हे म्हणाले, "तू गप्प बसलीस की मला वाटतं घरातली वीज गेली."

बुधवार, ६

जेवताना मी विचारलं, "मुलगा कुठे राहिला अजून?" तर ह्यांनी पंजा वर केला. समोर नव्हता ना तो. मी म्हटलं, अहो, जन्म दिलाय मी त्याला. हे पंजा काही खाली घेईनात. सून इतकी हसली की तिला ठसका लागला. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिला एवढं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ती बालवाडीत शिकवते, अजून कायम झालेली नाही. इस्त्री करताना गुणगुणते, उपासनेतलीच गाणी, पण चाल तिची स्वतःची. हे मला आजवर माहीत नव्हतं. तिच्याबद्दल मी एवढं बोललेय, मग हे कसं नाही दिसलं?

शनिवार, ९

दोनदा घसरले. एकदा मुद्दाम.

मंगळवार, १२, दुपारी

आजचा विजय लिहून ठेवते.

सकाळी बँकेतली बाई पुन्हा आली, कपाळावरच्या बटा कापून घ्यायला. कात्री डोळ्यांजवळ म्हणून डोळे घट्ट मिटून बसलेली. आरशात सून दिसली. बालवाडीतून रस्ता ओलांडून पळत घरी आली, मळमळीच्या गोळ्यांची डबी विसरली होती ती घेतली आणि आली तशी पळाली. आत जाताना गेट नुसतं लोटलं, कडी लावली नाही. गेट सावकाश मागे आलं आणि हातभर उघडं राहिलं.

एरवी मी खिडकीतून अशी हाक मारली असती की टायरवाल्यानं हातातला पाना खाली ठेवला असता. 'अगं, कडी काय सासूनं येऊन लावायची?' वाक्य तयारच होतं. पण सुनेला चारचौघांत बोलायचं नाही असं मुलाला कबूल केलंय. आणि गेटवर बालवाडीच्या मावशी असतातच, त्या बघतील. मी शब्द गिळले आणि कात्री चालू केली. मला माझा अभिमान वाटला, खरं सांगायचं तर.

संध्याकाळी

भलतंच झालं. बालवाडीतलं एक पोर, ज्याला सगळे भोवरा म्हणतात, गेटमधून बाहेर पडलं. तासभर नुसती पळापळ. शेवटी टायरवाल्याकडे सापडलं, एका टायरच्या आत बसून बिस्किट खात होतं. रस्ता एकट्यानं पार केला होता त्यानं, ट्रक जातात तो रस्ता. देवाची कृपा म्हणायची. त्याची आजी डॉक्टर आहे. तिनं पाळकसाहेबांना, बालवाडीच्या बाईंना, सगळ्यांना फैलावर घेतलं. कडी कोणी लावली नाही?

गेटची कडी हे मावशींचं काम. मावशी तेव्हा आत मुलांचे हात धुवत होत्या. त्या म्हणाल्या, "मी लावली होती." सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाल्या, "लावली होती ना मी?"

सून दाराशी उभी होती, चेहरा पांढराफटक. घरी येऊन झोपून राहिली. या दिवसांत होतं असं.

बुधवार, १३

चर्च कमिटीनं मावशींना तूर्त घरी बसायला सांगितलंय. निर्णय चोवीस तारखेच्या रविवारी, उपासनेनंतर. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, त्या बाईला काढा, नाहीतर सगळे आपापली मुलं काढतील.

मावशी एकट्या राहतात. माझा मुलगासुद्धा त्यांच्या हाताखालून गेला. पहिल्या दिवशी रडून रडून त्यांच्या पदरात झोपला होता.

काल दुपारी मी काय लिहिलं ते वाचलं. पान उलटलं.

सुनेबद्दल मी कुठे काही बोलणार नाही. कमिटीसमोर बोलायचं म्हणजे समोर नसलेल्या माणसाबद्दल बोलणंच झालं. नेम म्हणजे नेम. नवल याचं वाटतं की इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा तो पाळायला मुळीच जड गेला नाही.

शुक्रवार, १५

सून किती बदललीय. सकाळी मी उठायच्या आत चहा तयार. संध्याकाळी म्हणाली, "आई, दिवसभर उभ्या असता, पाय चेपून देऊ?" मी पाय पुढे केले. चेपता चेपता मध्येच माझ्याकडे बघायची, मी बघितलं की खाली बघायची. जेवत मात्र नाही धड. मुलगा म्हणाला, "आई, तुझ्यामुळे घरात किती शांत वाटतंय." मी जीभ आवरली त्याला फळ आलंय, दुसरं काय?

मंडळात मात्र आज गंमत झाली. गंमत म्हणू नये खरं तर. प्रत्येकीच्या पोटात मावशींचा विषय होता आणि कोणी तोंड उघडलं की पंजेच पंजे. गाणं म्हणणाऱ्या एकीनं विचारलं, "त्या जेवतात तरी का नीट?" तिलाही पंजे. मीही केला. पाळकबाई जरा गोंधळल्या, पण नियम त्यांचाच. मग प्रार्थना झाली, सर्वसाधारण.

म्हणजे मावशींबद्दल वाईट कोणीच बोललं नाही. त्यांच्या बाजूनंही कोणी बोललं नाही. हे नेमात धरलं होतं का आपण?

रविवार, १७

पाळकसाहेबांनी आज पुढचा भाग घेतला, शहाणपणाचा. म्हणाले, देवाकडून येणारं शहाणपण शांत असतं, सौम्य असतं, पण त्याच्याआधी ते स्वच्छ असतं. हा क्रम लक्षात ठेवा.

मला हा क्रम काही सोडेना. उपासना संपल्यावर त्यांना गाठलं. "शांत आधी आणि स्वच्छ मागाहून, असं चालत नाही का?"

ते हसले. "खरकटी भांडी कपाटात लावून दार बंद केलं, तर स्वयंपाकघर छान दिसतं. किती दिवस?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं?"

"सहज विचारलं."

ते नुसते थांबून राहिले. पाळकसाहेबांना ही एक वाईट खोड आहे, थांबून राहायची. मी म्हटलं, घरी दूध तापत ठेवलंय, आणि निघाले. दूध नव्हतं तापत.

सोमवार, १८

दिवसभर डोक्यात भांडी.

गुरुवार, २१

आज मावशी आल्या. केस नीट करायला. म्हणाल्या, रविवारी कमिटीपुढे उभं राहायचंय, अवतार बरा दिसायला हवा. पार्लरमध्ये दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्या अंगावर कापड टाकलं, केस ओले केले. किती विरळ झालेत.

मी मनात म्हणत होते, आता या मला कमिटीबद्दल विचारणार, डॉक्टरीणबाईंबद्दल बोलणार. पंजा तयार ठेवला होता. त्या कोणाबद्दलच बोलल्या नाहीत. स्वतःबद्दल बोलल्या.

"ताई, माझं डोकं चालेनासं झालंय का हो?"

"असं काय म्हणता?"

"मला दिसतंय ना, मी कडी लावली. हात दिसतो, गार लोखंड लागलेलं आठवतं. पण मग ते पोर गेलं कसं? म्हणजे ते आठवणं खोटं. आता घरीसुद्धा तसंच होतं. गॅस बंद केला की परत जाऊन बघते. दाराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जाते आणि मागे फिरते. माझ्या आईचं शेवटी असंच झालं होतं. तिला आम्ही कोण हेसुद्धा कळेनासं झालं."

माझी कात्री थांबली होती. आरशात त्या माझ्याकडे बघत होत्या.

"तुम्हाला इथून गेट दिसतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही काही पाहिलं का? मी लावताना, नाहीतर न लावताना? जे असेल ते सांगा. मला नुसतं कळायला हवंय."

आणि मी म्हटलं, "मी केस कापत होते, मावशी. माझं लक्ष नव्हतं."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. काम चालू असलं की कुठे लक्ष असतं."

जाताना त्या माझ्याच दाराची कडी लावून गेल्या, मग परत ढकलून पाहिली.

मी आज कोणाबद्दल वावगा शब्द बोलले नाही. समोर नसलेल्या एकाही माणसाचा विषय काढला नाही. नेम पाळला आणि खोटं बोलले, दोन्ही एकाच वाक्यात. हे जमतं कसं? कुठेतरी माझंच चुकतंय आणि कुठे ते मला नीट कळत नाही. की कळतंय?

मला भयंकर वाईट वाटतंय. बस, एवढंच.

शुक्रवार, २२

ह्यांना सगळं सांगायचं नव्हतं. पण कोणाला तरी विचारल्याशिवाय राहवेना. हे शब्दकोडं सोडवत बसले होते. मी म्हटलं, "समजा, एका बाईनं काहीतरी पाहिलं. ते सांगितलं तर तिच्या घरातल्या माणसाचं नुकसान, नाही सांगितलं तर परक्याचं. आणि त्या बाईनं न बोलण्याचा नेम घेतलाय."

हे वर न बघता म्हणाले, "त्या बाईनं न बोलण्याचा नेम घेतला असेल तर ती बाई आपल्या ओळखीची नाही."

"अहो, गंमत करू नका."

मग त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बराच वेळ बघितलं. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण बहुतेक सगळं. म्हणाले, "नेम काय आहे? जो समोर नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही, हाच ना? मग त्याला समोर बसव."

"म्हणजे?"

"तू आयुष्यभर प्रत्येकाबद्दल बोललीस. सगळ्यांशी बोललीस, फक्त ज्याचं त्याच्याशी सोडून. मी तुझा नवरा आहे, माझ्या घोरण्याबद्दल मला पार्लरमधूनच कळलं."

मला इतका राग आला की मी उठून आत गेले. भाजी चिरताना त्यांच्या बोलण्यात खोट काढायचा प्रयत्न केला. खूप केला. माझ्या सासूबाई, माझी बहीण, सून, मंडळातल्या बायका, एकेकीला आठवून पाहिलं. यांच्यातल्या एकीला तरी तिच्याबद्दलची अवघड गोष्ट मी तोंडावर सांगितलीय का? ओरडले असेन. ओरडणं वेगळं, ते मी गल्लीला ऐकवायला ओरडते.

शनिवार, २३

आज संध्याकाळी गिऱ्हाइकं संपल्यावर सुनेला हाक मारली. म्हटलं, बैस, केस धुवून देते. ती घाबरून बसली. मी केस धुतले, पुसले, विंचरायला घेतले. पार्लरमध्ये एक सोय असते, एकमेकींकडे न बघता आरशात बघता येतं. आज मला तेवढ्या सोयीची गरज होती.

किती वेळ नुसती विंचरत राहिले. मला बोलता येईना. मला.

शेवटी म्हटलं, "त्या दिवशी गोळ्या घेऊन परत गेलीस, तेव्हा कडी लावली नाहीस."

ती म्हणाली, "हो."

इतकंच. रडली नाही, नाकबूल केलं नाही. जणू कधीपासून वाट बघत होती.

"मी पाहिलं होतं," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. बालवाडीच्या दारात शिरताना मी वळून तुमच्या खिडकीकडे बघितलं. तुमचा हात वर तसाच थांबला होता."

"मग बोलली का नाहीस माझ्याशी?"

"तुम्ही बोलत नव्हतात, आई." आता तिचा आवाज गेला. "तुम्ही कधी गप्प बसत नाही. माझ्याकडून कप फुटला तरी समोरच्या दुकानात कळतं. आणि एवढी मोठी गोष्ट, त्यावर एक शब्द नाही. मला वाटलं, तुम्ही ती जपून ठेवलीय. कधीतरी काढाल. बाळ झाल्यावर, नाहीतर आम्ही वेगळं व्हायचं म्हटलं की."

मी तर थक्कच झाले. मी नेम पाळत होते, ही भीतीनं माझे पाय चेपत होती. आणि मुलगा म्हणत होता, घर किती शांत आहे.

"मी तुला वाचवत होते," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच जाणवलं की हेही पुरतं खरं नाही. "तुम्ही दोघं इथून जाऊ नये म्हणून गप्प होते."

मग मी तिला मावशींचं सांगितलं, गॅसचं, कुलपाचं, त्यांच्या आईचं. मावशी समोर नव्हत्या. सांगितलं तरी. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मला वाटलं होतं, त्यांना फार तर दुसरं काम देतील," ती म्हणाली. "मी रोज ठरवत होते, उद्या सांगू. मी अजून कायम नाही, आई. आता काढलं तर पुढे मला असं पोट घेऊन कोण ठेवणार?"

'काही होणार नाही' हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण ते मला कुठे माहीत आहे. मी म्हटलं, "होऊ शकतं तसं. मी तुझ्या शेजारी बसेन."

"बाळाच्या बाबांना आज सांगते," ती म्हणाली. मूल अजून यायचंय, पण ती आताच मुलाला तसं म्हणते. मग केस न बांधताच आत गेली. आतून बराच वेळ दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. मी दाराशी गेले नाही. हे खरं आहे, इथे उगाच कशाला खोटं लिहू.

रविवार, २४

कमिटी चर्चच्या मागच्या खोलीत बसली. लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या. डॉक्टरीणबाई एका टोकाला, मावशी दुसऱ्या टोकाला, केस चापूनचोपून बांधलेले. सेक्रेटरींनी प्रकरण वाचायला घेतलं तेवढ्यात सून उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं, एकही शब्द इकडेतिकडे न करता. शेवटी मावशींकडे वळली आणि म्हणाली, "तुम्ही लावली होती. मी काढली आणि लावली नाही."

मी मावशींकडे बघत होते. मला वाटलं, आता त्या रडतील, नाहीतर रागावतील. त्यांनी टेबलाखाली आपला उजवा हात डाव्या हातात धरला आणि त्याच्याकडे बघत बसल्या.

मग डॉक्टरीणबाई चिडून बोलल्या आणि त्यात चूक काही नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करून ठरवू. ठरलं असं की मावशींनी उद्यापासून यावं आणि कमिटीनं त्यांची माफी मागावी. ती तिथल्या तिथे मागितली. सुनेला कायम करायचं वर्षभर लांबलं. वर्षभरात बाळ होईल, रजा लागेल, पुढचं पुढे. मुलानं तिचा हात धरून तिला बाहेर नेलं.

त्यांचं इथलं राहणं काय ठरलंय, मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही.

आणि मी? मला कमिटीनं काही विचारलं नाही. मीही उठून उभी राहिले नाही. कारण नव्हतं, असं घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते.

मंगळवार, २६

मावशी दुपारी आल्या. केस कापायला नाही. खुर्चीत बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"सूनबाई भली आहे तुमची," त्या म्हणाल्या. "काल माझ्याकडे येऊन बसली होती. मी तिला म्हटलं, पोरी, चूक कोणाची होत नाही." मग म्हणाल्या, "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

माझ्याकडे सांगायला किती होतं. नेम होता, सुनेचे दिवस, मुलाची ताकीद, घरातली शांतता, पाळकबाईंचे पंजे. सगळं एकदम तोंडाशी आलं. इतकी वर्षं यानंच तर निभावलं माझं, भरपूर बोललं की त्यातली एक गोष्ट बुडून जाते.

मी म्हटलं, "त्याच दिवशी. आरशात पाहिलं."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"या खुर्चीत बसून विचारलं होतं."

"हो, मावशी. मी खोटं बोलले. मला माफ करा."

मी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "मला वेड लागतंय असं वाटत होतं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर ते त्या दिवशीच थांबलं असतं." आणि गेल्या. माफ केलं की नाही, बोलल्या नाहीत. मी मागे लागले नाही.

गुरुवार, २८

बँकेतली बाई खुर्चीत होती. साहेबाचं सांगत होती, मी ऐकत नव्हते.

आरशात मावशी दिसल्या. मुलं आत गेली, त्यांनी गेट लोटलं, कडी घातली. दोन पावलं आत गेल्या आणि परत आल्या. कडी हलवून पाहिली. गेल्या. पायरीपर्यंत जाऊन पुन्हा मागे फिरल्या. सगळं उघड झालं, सगळ्यांनी मान्य केलं, कमिटीनं माफी मागितली, तरी ते त्यांच्या हातातून गेलेलं नाही. ते मी घातलंय तिथे. त्या कडीशी उभ्या होत्या, हात लोखंडावर, आणि त्यांना आत जाता येत नव्हतं.

मी कात्री खाली ठेवली. बाईला म्हटलं, आलेच. रस्ता ओलांडून गेटपाशी गेले, त्यांच्या समोर उभी राहिले.

"लागली आहे, मावशी," मी म्हटलं. "तुम्ही लावलीत. मी पाहिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कडीकडे. हात काढून घेतला आणि आत गेल्या.